मंगलाक्का आणि अधूनमधून पडणारी टेस्ट

परवा ऑफिसात एक टेस्ट पडली, म्हणजे नापास झाली. नव्या मुलानं ती परत चालवली, दुसऱ्या खेपेला ती पास झाली आणि तो निवांत डबा खायला उठला.  माझी नजर शेजारच्या खुर्चीकडं गेलीच. त्या खुर्चीवर आता प्रिंटर ठेवलाय. मंगलाक्का तिथं बसत होती तोवर अशा माणसाला डबा गोड लागत नसे.

आमचं ऑफिस बेळगावात टिळकवाडीत, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. साखर कारखाने आणि पतसंस्थांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. या सगळ्याच्या बुडाशी एक डेटाबेस आहे, म्हणजे माहिती साठवायचं कोठार. तो कुठल्या कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून तो बनवतात, दुरुस्त करतात आणि सगळ्यांना फुकट वापरू देतात. आमचे मालक सुरेशअण्णा शहापूरच्या विणकर घरातले. फुकटचं घेऊन गप्प बसणं त्यांना जमेना. "आपल्याकडनंबी कायतरी जायला पायजे की," असं म्हणून त्यांनी मंगलाक्काचा अर्धा दिवस त्या डेटाबेसच्या नावानं सोडून दिला. असा मालक असतो यावर माझ्या बायकोचा अजून विश्वास नाही.

आक्काचं काम टेस्टचं. एवढ्या मोठ्या कोठारात कुणी एक खुंटी हलवली तर दुसरीकडचं काही कोसळलं नाही ना, हे बघायला हजारो लहान लहान परीक्षा लिहिलेल्या असतात. जगातल्या कुठकुठल्या मशीनवर त्या रोज आपोआप चालतात. पास झाली की हिरवी खूण, नापास झाली की लाल. आक्का सकाळी यायची, पर्स टेबलावर टाकायची आणि उभ्याउभ्याच विचारायची, "काय काय पडलंय बघू." खुर्चीत बसणं त्यानंतर. लाल खूण दिसली की ती स्क्रीनवर बोट ठेवून त्याखालचा मजकूर मोठ्यानं वाचायची. तिच्या बोटांचे ठसे स्क्रीनभर उमटलेले असत आणि दर शनिवारी ती ते पदरानं पुसायची. टेस्टना तिनं नावं ठेवली होती. फार वेळ खाणारी एक होती, ती म्हातारी. एक कारण नसताना कुरकुरायची, तिला ती आमच्या मालकीणबाईंचं नाव द्यायची, पण ते फक्त माझ्यापुरतं.

तिचा एक शब्द ठरलेला होता: "कारण?" टेस्ट पडली तर कारण. अण्णांनी रजा नाकारली तर कारण. खडेबाजारात भाजीवालीनं कोथिंबीर महाग सांगितली तरी, "कारण काय गं?" भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "आक्का, घ्यायची तर घ्या, न्हायतर सोडा, कारणं नका इचारू." आक्कानं कोथिंबीर घेतली, पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानात गेली.

आणि टेस्ट परत चालवून बघायला मात्र तिच्यापुढं बंदी. पडलेली टेस्ट पुन्हा चालवायची आणि नशिबानं हिरवी झाली की विषय संपवायचा, हा आमच्या धंद्यातला जुना आळस. मीही तो केलाय आणि सापडलोय.

"पास झाली की आक्का," मी म्हणालो होतो.

"मगाशी पडलीती कशापायी?"

"आता काय माहीत. लाईट कमीजास्त झाली असंल."

"आपोआप काय व्हत न्हाय परकाश. तुला कंटाळा आलाय एवढंच सांग, मी बघते."

मग ती बघत बसली आणि मी तिच्यासमोर बसून माझं काम करत असल्यासारखं करत राहिलो. संध्याकाळपर्यंत तिला चूक सापडली, आणि ती माझीच निघाली. तिनं ती अण्णांना सांगितली नाही. मला मात्र महिनाभर ऐकवली.

आक्का मूळची निपाणीची. आठवडाभर बेळगावात खोली घेऊन राहायची आणि शनिवारी दुपारी बस धरून आईकडं जायची. एकदा कोल्हापूरला जाताना मी तिच्या घरी जेवायला थांबलो. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली चटईवर तिची आई, मी त्यांना मावशी म्हणतो. मावशींनी उभी हयात विड्या वळल्या. आता कारखान्याचं काम सुटलंय, पण बोलताना बोटं आपली मांडीवर काहीतरी गुंडाळतच असतात. त्या सांगत होत्या, विड्या घेऊन गेलं की तपासणारा मूठभर उचलायचा, बघायचा आणि बाजूला फेकायचा. त्या बाद विड्यांना छाट म्हणतात. छाटीची मजुरी नाही.

"का काढली म्हणून इचारायचं न्हाय," मावशी म्हणाल्या. "इचारलं की आनी दोन मुठी काढायचा."

"आन् ही काय करायची ठावं हाय?" त्यांनी आक्काकडं बोट दाखवलं. "छाट उचलून आनायची घरला. एकेक विडी उजेडात धरून बघत बसायची, काय चुकलंय म्हणून. शाळा सोडून."

"काय चुकलेलं असायचं?" मी विचारलं.

"एकादीचं पान फाटल्यालं. बाकीच्या चांगल्या," आक्का म्हणाली आणि मला आमटी वाढली.

परत येताना मी मोठ्या थाटात तिला म्हणालो, की तू टेस्टिंगला का आलीस ते आज कळलं. ती हसली. "लई शाणा हाईस. दुसरं काम कुणी दिलं न्हाय म्हणून आले."

यात मात्र तथ्य होतं. एवढी वर्षं आक्का दुसऱ्याचं काम तपासत होती. ऑफिसात लोक सरळ म्हणायचे, "आक्का फक्त टेस्टिंग करते." त्यातला 'फक्त' तिला लागायचा. तो शब्द ऐकला की ती स्क्रीन पुसायला घ्यायची, शनिवार नसला तरी.

मग एक दिवस तिनं स्वतःच लिहायला घेतलं. डेटाबेसला सांगितलं, की ही माणसं वयानं लावून दे, तर तो ती क्रमानं लावून देतो. हे काम पूर्वी एकटा गडी करावा तसं चालायचं. आक्काच्या मनात आलं, की ढीग मोठा असेल तर चार गड्यांनी थोडा थोडा वाटून घ्यावा आणि शेवटी चारी वाटे एकत्र करावेत. काम लवकर उरकेल. म्हणायला सोपं. ते डेटाबेसच्या पोटात बसवायला तिला दोन वर्षं लागली. अशा बदलाला पॅच म्हणतात. पॅच पाठवला की जगभरची जाणती माणसं तो उलटासुलटा करून बघतात, प्रश्न विचारतात, परत पाठवतात. यातला मुख्य माणूस उत्तरेकडच्या कुठल्यातरी बर्फाच्या देशातला, योहान नावाचा. दोन शब्दांपलीकडं लिहायचा नाही. आक्का त्याला योहानअण्णा म्हणायची. तो 'पुन्हा बघा' एवढंच लिहायचा, आणि ही त्याला पानभर उत्तर द्यायची, कारणांसकट.

एप्रिलमध्ये योहाननं पॅच आत घेतला. त्या दिवशी आक्कानं सगळ्या ऑफिसला खालच्या बेकरीतली खारी आणि पॅटिस खायला घातले.

आणि मग ती टेस्ट पडायला लागली.

रोज पडती तर बरं होतं. आठवड्यातनं एखाद्या वेळी पडायची, तीही कुठल्यातरी परदेशातल्या मशीनवर. आक्काच्या मशीनवर कायम पास. ही टेस्ट आक्कानंच नोकरीच्या सुरुवातीला लिहिलेली. बऱ्याच माणसांची नावं, गावं आणि जन्मतारखा भरायच्या, ती माणसं वयानं लावायला सांगायची, आणि जो क्रम येईल त्या सगळ्याचा मिळून एक आकडा काढायचा. आकडा ठरल्याप्रमाणं आला तर हिरवं. वर्षानुवर्षं ती बिनतक्रार पास होत आली होती. आता अधूनमधून आकडा जुळत नव्हता, आणि का जुळत नाही हे आकडा सांगत नव्हता. नेमकं काय बिनसतंय ते छापून दाखव म्हणून आक्कानं तिथं चार ओळी घातल्या, तर टेस्ट पंधरवडाभर पडलीच नाही. ओळी काढल्या, दोन दिवसांत पडली. पाहुणे आले की शहाण्यासारखं बसणाऱ्या पोराची ती जात.

योहाननं लिहिलं, आणि या वेळी दोनपेक्षा जास्त शब्द लिहिले. नव्या आवृत्तीची दारं जूनमध्ये बंद होतील. तोवर हे निस्तरलं नाही तर तुमचा पॅच काढून टाकावा लागेल. पुढच्या वर्षी पाहू.

आक्कानं ते बोट ठेवून वाचलं, पण मोठ्यानं नाही.

त्यानंतरचा महिना वाईट गेला. आक्का डबा उघडायची आणि तसाच मिटायची. डोळ्यांखाली काळं आलं. शनिवारी निपाणीला गेली तरी सोमवारी न झोपलेलं तोंड घेऊन यायची. मावशींनी मला फोन करून विचारलं, की हिचं काय बिनसलंय? मी सांगितलं, की तिनं केलेलं काम काढून टाकतील अशी भीती आहे. मावशींनी पुढं काही विचारलं नाही.

सगळ्यांनी आपापल्या परीनं अक्कल दिली. अण्णांनी सगळ्यात सोपी दिली. "आक्का, ती एक टेस्टच काढून टाक की. एवढ्या हजारात एक न्हाय म्हणून कोण बघतंय? तुझा पॅच वाचंल."

त्यात खोटं काही नव्हतं. टेस्टच भरवशाची नाही म्हणून ती बाजूला ठेवायची सोय त्या प्रकल्पात होती. योहाननं कदाचित मानलंही असतं.

"आन् चूक माझ्या पॅचातच असंल तर अण्णा?" आक्का म्हणाली. "चार वाट्यांतला एकादा माणूस खाली सांडत असंल तर? कुठल्या दवाखान्यात, कुठल्या शाळंत हे चालंल, तिथलं एकादं नाव गळंल. आन् मी इथं हिरवी खूण बघत बसू?"

तिला खरी भीती ही होती. पॅच काढतील हे दुःख होतं, पण आपण लिहिलेलंच चुकीचं असेल, या विचारानं ती आतून पोखरली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला वाटायला लागलं होतं, की 'फक्त टेस्टिंग' म्हणणारे बरोबर असावेत. तिनं आपल्या पॅचची ओळ न् ओळ तपासली. शेवटी त्या टेस्टमधली माणसांची नावं आणि तारखाही तपासल्या आणि मला म्हणाली, "तूबी एकदा बघ. माझं डोळं मेलेत."

मी बघितलं. रेखा, शबाना, मल्लव्वा, सुनीता, संजय, बाहुबली. आक्काच्या निपाणीच्या शाळेतला अख्खा वर्ग होता तो. बाकीच्या देशांतले लोक नमुन्याला अबक लिहितात, आक्कानं आपला वर्ग बसवला होता. नावं बरोबर, गावं बरोबर, तारखा बरोबर. "काय चूक न्हाय आक्का," मी सांगितलं. मी मन लावून बघितलं होतं, शपथेवर सांगतो.

मग एक जून आला.

आमच्या ऑफिसात वाढदिवसाला अण्णा केक आणतात. इतर वेळी एकाचा असतो, एक जूनला ऑफिसचा निम्मा भाग वाढदिवसाचा असतो. वाचणाऱ्यांना हे सांगायला नको. ज्यांच्या आईबापांना शाळेत नाव घालताना तारीख सांगता आली नाही, त्या सगळ्यांना मास्तरांनी एक जूनला जन्माला घातलं. आक्का एक जूनची. आमचे अकाउंटंट बसाप्पा, नंदगडचे, तेही एक जूनचे. दोघांचं सालही एकच.

खालून केक आला, मेणबत्ती लावली, आणि सुरी कुणी धरायची यावरनं दरवर्षीचं नाटक सुरू झालं. जो मोठा तो आधी कापणार, असा अण्णांचा नियम.

"मी मोठी," आक्का म्हणाली. तिला त्या दिवशी केक कापायची हौस नव्हती, पण बसाप्पांना चिडवल्याशिवाय राहवत नव्हतं.

"इल्ल, इल्ल!" नाही नाही करत बसाप्पांनी सुरी ओढली. "मी मोठा. आमची अव्वा सांगतीय, मी झालो तेव्हा भात कापणी होती."

"भात कापणी जूनमधी?"

"कागदावर जून. खरं कुणाला माहीत?"

"कागदावर दोघं सारखंच की," अण्णा म्हणाले. "मग आदी कोण हे ठरवायचं कसं? कुणीबी आदी गेलं तरी बरोबरच."

आक्कानं सुरी सोडली नाही, पण तिचा हात थांबला. ती अण्णांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "काय म्हणालासा?"

"कुणीबी आदी गेलं तरी—"

सुरी टेबलावर ठेवून ती जागेवर पळाली. मी तिच्या मागं. तिनं तो नमुन्याचा वर्ग उघडला आणि जन्मतारखांच्या रकान्यावरनं बोट खाली खाली नेलं. रेखा, एक जून. शबाना, एक जून. मल्लव्वा, एक जून. वर्गात एक डॉक्टरांची मुलगी होती, तिची तारीख तेवढी खरी, बाकी सगळा वर्ग एकाच दिवशी, एकाच साली जन्मलेला. हे आम्ही दोघांनी डोळ्यात तेल घालून तपासलं होतं आणि आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. बर्फातल्या त्या योहानला हा रकाना दाखवला असता तर तो किंचाळला असता. पण आमच्या भागात वाढलेल्या डोळ्यांना एक जून कधी खुपतच नाही.

एकटा गडी लावत होता तोवर एका वयाची माणसं जशी लिहिली तशी बाहेर यायची. आता चार गडी होते. ज्याचा वाटा आधी यायचा त्यातली माणसं पुढं, कधी रेखा, तर कधी दुसऱ्या वाट्यातली शबाना. दोन्ही क्रम बरोबर. बरोबरीच्या माणसांत आधी कोण, हे टेस्टमध्ये कुणी सांगितलंच नव्हतं, आणि आकडा मात्र एकच क्रम धरून बसला होता.

"माणूस सांडत न्हाय," आक्का म्हणाली. "परकाश, कुणी सांडत न्हाय रं. पॅच बरोबर हाय." आणि तिथंच खुर्चीत बसून ती रडायला लागली. मलाही इतकं हायसं वाटलं, की मी उगीचच तिचा कीबोर्ड पुसायला लागलो. मागनं बसाप्पा केक घेऊन आले. त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, आपण सुरी ओढली म्हणून आक्का रडतेय. ते म्हणाले, "आक्का, तूच मोठी बाई. काप."

दुरुस्ती एका ओळीची निघाली: तारीख सारखी असेल तर नावाप्रमाणं लाव. योहानला मात्र आक्कानं पानभर लिहिलं. आमच्याकडं जन्मतारीख आई सांगते किंवा मास्तर देतात, माझ्या वर्गाला मास्तरांनी दिली, चूक पॅचची नाही, माझ्या नमुन्याची आहे. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. पॅच राहतो आहे. आणि खाली एक ओळ: तुमच्या संपूर्ण वर्गाला उशिरानं शुभेच्छा.

आक्कानं ते मोठ्यानं वाचलं. परत एकदा वाचलं. मग म्हणाली, "अण्णा, मी घरला जाऊ?" नोकरीत पहिल्यांदाच तिनं अर्धी रजा मागितली. अण्णांनी कारण विचारलं नाही.

मी तिला स्कूटरवरनं स्टँडवर सोडलं. कोल्हापूरची गाडी लागली होती. ती खिडकीशी बसली, पर्स मांडीवर घेतली, मला हात केला आणि गाडी सुटायच्या आत तिचा डोळा लागला. मान काचेला, तोंड उघडं, पदर खिडकीबाहेर. मी पदर आत ढकलला, तरी तिला जाग नाही. कंडक्टरला कन्नडमध्ये सांगितलं, की बाईंना निपाणीला उठवा. ती रजा लांबली, पुढच्याच आठवड्यात तिला त्या डेटाबेसचंच पगारी काम घरबसल्या मिळालं, आणि आक्का निपाणीची झाली ती झाली. मी तिला शेवटचं बघितलं ते असं, बसच्या काचेमागं घोरताना.

त्याच दिवशी संध्याकाळी मावशींचा फोन आला. "परकाश, मंगल अजून आली न्हाय रं."

 आक्काला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. परत लावला. बऱ्याच वेळानं झोपेतला आवाज आला, "निपाणी आलं व्हय?"

"आक्का, खिडकीतनं बघ जरा."

 मागं कुणीतरी रंकाळा, रंकाळा ओरडत होतं. मग आक्का हसायला लागली आणि तिला ते थांबवताच येईना. "कोल्हापूर आलं रं! कंडक्टरनं हाक मारलीती. मी व्हय व्हय म्हणाले आन् परत झोपले वाटतं."

मी मावशींना फोन केला. सांगितलं, की बसमध्ये झोप लागली, कोल्हापूरला गेली, परतीच्या गाडीनं येतेय.  आता शिव्या बसणार असं मला वाटलं.

"तिचं काम काढून टाकलं न्हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय मावशी. ठेवलं."

"मग येऊ दे सावकाश," मावशी म्हणाल्या. "भाकरी झाकून ठेवते."